खडूचा रविवार

लिसनागून, क्लेअर परगणा
१ फेब्रुवारी १९११, संत ब्रीडचा दिवस

प्रिय डीलिया,

आज तुझ्या नावाचा सण (डीलिया म्हणजे शेवटी ब्रीडच), म्हणून आधी शुभेच्छा. बॉस्टनच्या थंडीत तुझी तब्येत बरी असेल आणि मालकीणबाई निदान रविवारी तरी तुला मोकळं सोडत असेल अशी आशा करतो. इकडे सगळं क्षेम. आईचे गुडघे दुखतात, पण कोंबड्यांमागे धावताना दुखत नाहीत. तांबडी गाय परवा व्याली, कालवड झाली. पाऊस नेहमीसारखा. झालं क्षेमकुशल. आता मला बोलू दे, नाहीतर मी फुटेन.

साइवचं लग्न ठरलं.

कॉन्सिडाइनांची साइव, दुसरी कुठली? ओढ्यापलीकडची. तू निघालीस तेव्हा जिने तुझी ट्रंक एका कडीने धरून स्टेशनपर्यंत आणली आणि गाडी हलल्यावर तुझ्यापेक्षा मोठ्याने रडली, ती. तिला या महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी, ईस्टरआधीचा उपासकाळ लागायच्या आदल्या दिवशी, उजवून टाकणार आहेत.

घाई बघ. दरवर्षी हेच. नाताळची मेणबत्ती विझली की म्हातारा लिलिस बगलेत बाटली मारून घरोघर सोयरिकी जुळवत हिंडायला लागतो. इथे मुलगी, तिथे जमीन, इथे दोन कालवडी, तिथे रिकामी खोली. उपासकाळात लग्न लागत नाही, म्हणून त्याच्या आत सगळा बाजार उरकायचा. एनिसच्या जत्रेत निदान गाईचे दात तरी बघतात. इथे तळहातावर थुंकायचं, टाळी द्यायची, झालं लग्न! कॉलेजात डब्लिनची पोरं मला विचारायची, "काय रे, तुमच्याकडे बायका अजून अशाच मिळतात का?" आणि मी त्यांच्या अंगावर धावून जायचो. आता एकेकाला पत्र लिहून माफी मागायला हवी.

कॉलेजवरून आठवलं. मी परत का गेलो नाही ते विचारू नकोस. आईला सांगितलंय, शहराच्या धुराने छाती भरते. तूही तेच धरून चाल.

काल ब्रीडची संध्याकाळ होती. तू गेल्यापासून आपल्या घरात लव्हाळे आत आणायला मुलगी नाही, म्हणून साइवच येते. यंदा लव्हाळे मी काढले. ओढ्यात गुडघाभर पाण्यात उतरून एकेक उपटला, विळा लावला नाही. पायांना अजून ऊब आलेली नाही. भारा बांधून दाराबाहेर ठेवला. आईने कुंपणावर ब्रीडचं फडकं टाकलं. रात्री संत येऊन त्याला हात लावून जाते, मग वर्षभर ज्याचं डोकं दुखेल त्याला ते बांधायचं. यंदा पहिला नंबर माझाच दिसतोय.

अंधार पडता पडता दारावर थाप पडली. बाहेरून साइव, त्या तिच्या हसू दाबलेल्या आवाजात, "गुडघे टेका, डोळे उघडा, ब्रीडला आत घ्या!" आम्ही आतून जमिनीवर गुडघे टेकून, "ये बाई, ये! घर तुझंच आहे!"

घर तुझंच आहे. सगळ्यांत मोठ्याने मी ओरडलो, डीलिया.

ती आत आली, केस भिजलेले, कवेत लव्हाळे. आणि तिच्या मागोमाग लिलिस शिरला. त्याच्यासाठी कोणी गुडघे टेकले नव्हते. मग लोण्यात घोटलेले बटाटे झाले, मग सगळे त्या लव्हाळ्यांचे क्रॉस विणायला बसलो, आणि मग ते जाहीर झालं. कसं झालं ते मी लिहीत नाही. एवढंच सांगतो, माझ्या हातात अर्धा विणलेला क्रॉस होता आणि तो मी चुलीत फेकला.

आई किंचाळली. ब्रीडचा क्रॉस, तिच्याच संध्याकाळी, विस्तवात! लिलिसच्या घशात घोट अडकला. आणि नवरदेव उठला. त्याने नुसत्या बोटांनी तो विस्तवातून काढला, फुंकून विझवला, आणि गोठ्यात जाऊन दाराच्या चौकटीवर खोचून आला. एक शब्द नाही. त्याला शब्द येतातच कुठे?

हो, आपल्याच गोठ्यात. नवरदेवाला आपला गोठा चांगला ठाऊक आहे. मर्टी. आपला थोरला भाऊ मर्टी!

चौतिशी गाठलेला बाप्या, आणि ती चोवीसची. दहा वर्षं दर खडूच्या रविवारी, उपासकाळाच्या पहिल्या रविवारी, चर्चच्या फाटकात पोरांनी त्याच्या कोटावर बिनलग्नाची रेघ ओढली, आणि तो बैलासारखा पाठ देऊन उभा राहिला. निदान एकदा तरी कोणाच्या कानाखाली वाजवायची! आता यंदा रेघ चुकवायची म्हणून शेजारची मुलगी घरात आणतोय. जमीन त्याची, घर त्याचं, घोडा त्याचा. सगळं असू दे त्याचं. पण हे?

मी त्याच्याशी बोलणं सोडलंय. त्याला बहुधा अजून कळलेलं नाही. कसं कळणार, तो आधीही बोलत नव्हताच.

तू तिकडे माझ्यासाठी काम बघ. घोडे धुवीन, बर्फ उपसेन, काहीही करीन. लग्नाला मी इथे थांबणार नाही.

तुझा, आणि यापुढे एकुलता एकच समज, भाऊ
फिंटन

ता. क. आईने कालवडीचं नाव डीलिया ठेवलंय. राग मानू नकोस, फार देखणी आहे.


लिसनागून
१ मार्च, राखेचा बुधवार

प्रिय डीलिया,

तुझं पत्र शनिवारी पोचलं. तू खुशाल आहेस हे वाचून बरं वाटलं. बाकीचं वाचून वाटलं नाही.

मी तुला काय लिहिलं होतं, आणि तू काय लिहितेस! "मर्टीला लोकरीचे मोजे विणते आहे, त्याला नऊ नंबर ना?" मोजे! माझ्या छातीवर नांगर फिरतोय आणि तू मोज्यांचे टाके मोजतेस. कामाबद्दल एक अक्षर नाही. आणि खाली, सही करून झाल्यावर, जणू सहज आठवलं म्हणून: "फिंटन, तिला तू कधी विचारलं होतंस का?"

हे विचारायला समुद्रापलीकडून तिकीट लावावं लागलं तुला?

नाही. विचारलं नव्हतं. विचारायची गरज नव्हती, म्हणून. आता ऐक, आणि हसलीस तर पुन्हा पत्र लिहिणार नाही.

गेल्या हॅलोविनला तापातून उठून मी आठवडाभर घरी आलो होतो. साइव संध्याकाळी आली. आईच्या पावात लपवलेली लग्नाची अंगठी आईच्याच तुकड्यात निघाली. "घ्या! आता मला कोण करून घेतो?" म्हणून ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग साइवने खिशातून हेझेलचे दोन दाणे काढले आणि चुलीच्या कडेला, विस्तवावर, शेजारी शेजारी ठेवले. एक मुलगा, एक मुलगी; दोन्ही शेजारी जळले तर जोडी जमते, एक उडाला तर मोडते. आई म्हणाली, "नावं सांग की गं."

"सांगितली की दाणा उडतो," साइव म्हणाली, आणि माझ्याकडे बघून हसली.

माझ्याकडे, डीलिया. मी चुलीच्या या बाजूला, ती त्या बाजूला. दाणे तडतडले नाहीत. एकही उडाला नाही. दोघे एकमेकांना टेकून लाल झाले आणि राख होईपर्यंत तसेच राहिले. ती श्वास रोखून बघत होती. शेवटी तिने डोळे पुसले. म्हणाली, धूर गेला. धूर! त्या संध्याकाळी धूर सरळ धुराड्यातून वर जात होता, मी तिथेच बसलो होतो.

त्याच आठवड्यात मी ठरवलं, कॉलेजात परत जायचं नाही. आता कळलं ना, छाती कशाने भरली होती ते?

मर्टी? मर्टी माझ्या पाठीमागे बाकावर बसून घोड्याचा लगाम शिवत होता. तो कुठेतरी बसलेला असतोच. त्याच्याकडे कोण बघतं?

आणि ब्रीडच्या संध्याकाळचं जे लिहिलं नव्हतं, तेही आता लिहून टाकतो. क्रॉस विणता विणता आईने साइवच्या ओल्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी या पोरीला बाहेरून थाप मारावी लागणार नाही. आतच असेल ती."

आणि मी उठलो.

मी उठून उभा राहिलो, डीलिया! हातात अर्धा क्रॉस, तोंडभर हसू. मला वाटलं आईला कळलं, साइवने सांगितलं असेल, दाण्यांचं सगळं सांगितलं असेल. मी "आई, मी" एवढं बोललोही. तोवर लिलिस मला वळसा घालून पलीकडे गेला आणि मर्टीचा हात धरून पंपासारखा वरखाली करायला लागला. मी तसाच उभा. मी का उठलो हे कोणालाही कळलं नाही. साइव म्हणाली, "फिंटनला बघा किती आनंद झालाय!"

तेव्हा तो क्रॉस चुलीत गेला.

आता कालचं.

लग्नाला थांबणार नाही म्हणालो होतो, थांबलो नाही. एनिसला कामाच्या शोधात जातो असं आईला सांगून सकाळीच बाहेर पडलो. चर्चची घंटा ऐकली ती थेडी हेहिरच्या कोठारात बसून. तिथे पेंढावाल्यांची तयारी चालली होती. लग्नाचं बोलावणं नसलेली गावातली पोरं, अंगाला पेंढा, तोंडावर पेंढ्याचे उंच टोप. तू असताना एकदा हेच आपल्या मावशीच्या लग्नात आले होते, आणि तू टेबलाखाली लपली होतीस. आठवतं? ज्याला बोलावणं नाही, त्याला या एका वेशात कोणत्याही लग्नघरात शिरता येतं. कोणी नाव विचारायचं नाही. म्होरक्याने नवरीबरोबर नाचायचं, पेला रिकामा करायचा आणि निघायचं. घराला बरकत येते म्हणे.

मी म्हटलं, "थेडी, म्होरक्या मी."

"तू? नाचता तरी येतं का, प्रोफेसर?"

"टोप दे."

"पण करणार काय आहेस?"

"नाचणार."

"डोळ्यांवरून वाटत नाही. पेंढा सांभाळ बाबा, पेट घेईल."

बेत असा होता. नाच रंगात आला की टोप काढायचा. पेंढावाल्याने लग्नघरात तोंड उघडं केलं की त्या घराची बरकत गेली, आणि मला नेमकी तीच घालवायची होती. सगळ्यांसमोर सांगायचं की या मुलीने माझ्या नावाचा दाणा ठेवला होता आणि तुम्ही तिला जमिनीच्या तुकड्यासाठी या ढेकळाच्या गळ्यात बांधलंत. मग तडक स्टेशन.

तर अशा रीतीने मी आपल्याच स्वयंपाकघरात परका म्हणून शिरलो. आपलंच टेबल, आपलेच पेले, आई नव्या टोपीत, आणि मला बघून म्हणते काय, "या, परके, या! हा म्होरक्या काटकुळाच दिसतो. खायला घाला रे कोणीतरी याला!"

फिडल सुरू झालं. साइव निळ्या झग्यात होती. तिने हात पुढे केला.

पहिल्या फेरीत म्हणाली, "परक्या, जरा हळू. पाय माझे आहेत."

मी बोललो नाही. आवाज ओळखला असता.

दुसऱ्या फेरीत ती टोपाजवळ तोंड आणून अगदी हळू म्हणाली, "डावा. फिंटन, अजून तुझा डावा पायच आधी पडतो. चौकातल्या नाचांना किती शिकवलं तुला!" आणि लगेच, "बरं झालं आलास. मर्टी सकाळपासून रस्त्याकडे बघतोय."

माझा हात टोपाकडे निघाला होता. पण मला आधी तिच्याच तोंडून ऐकायचं होतं, मग जगाला सांगायचं. पेंढ्याआडून म्हटलं, "हॅलोविनला दाणे कोणाच्या नावाने ठेवलेस?"

"कुठले दाणे?"

कुठले दाणे! डीलिया, मी कॉलेज सोडलं त्यावर.

मग तिला आठवलं. हसली. "अरे, ते होय! ते तर मी सहा वर्षं ठेवतेय. दर वर्षी एक उडायचा. त्याचाच. यंदा पहिल्यांदा बसला गप."

"त्याचा म्हणजे?"

"म्हणजे काय? मर्टीचा. आणि लिलिसला काय स्वप्न पडलं होतं? नाताळात मीच त्याला घरी बोलावून बाटली दिली, म्हटलं जा आणि त्या मुक्याला बोलतं कर. मर्टीच्या भरवशावर राहिले असते तर तो अजून लगामच शिवत बसला असता. त्याचं आपलं एकच, आधी डीलिया मार्गी लागू दे, मग फिंटनचं शिक्षण होऊ दे..."

बोलता बोलता ती थांबली. टोपाच्या फटीतून तिला माझे डोळे दिसले असावेत. तिची बोटं माझ्या हातात क्षणभर सैल पडली. मला वाटलं, आता सोडते. पण तिने उलट हात घट्ट धरला, आणि तिथून नाच संपेपर्यंत माझा डावा पाय चुकला की आपलाही तसाच टाकत गेली. बघणाऱ्यांना वाटलं, नाचच तसा आहे.

टोप मी काढला नाही. काढून सांगायचं काय होतं? म्होरक्यासारखा वाकलो आणि बाहेर निघालो.

दारात मर्टी उभा होता, एकेका पेंढावाल्याला पेला देत. विस्तवात घातलेल्या त्याच्या दोन बोटांची कातडी अजून लाल आहे. माझ्या हातात पेला दिला आणि माझ्या पायांकडे बघत राहिला.

"लांबून आलात का, परके?"

मी मान हलवली.

"बूट ओले झालेत."

मी पाय मागे घेतला.

"सैल होत असतील."

मी टोप आणखी खाली ओढला.

"टाचेत लोकर भरायची. मीही भरायचो."

ते बूट त्याचेच आहेत, डीलिया. मी कॉलेजला निघालो त्या दिवशी त्याने ते पायांतून काढून मला दिले होते आणि स्वतः बापाचे जुने, फाटके घालून माझी पेटी स्टेशनवर नेली होती. पेल्यातलं सगळं त्याच्या तोंडावर फेकावं असं मला वाटत होतं. मी ते प्यालो. नियम आहे म्हणून प्यालो, दुसऱ्या कशासाठी नाही.

आज सकाळी चर्चमध्ये कपाळाला राख लावताना फादर म्हणाले, माणसा, तू माती आहेस. मनात म्हटलं, फादर, उशीर केलात. मला काल सांगून झालंय. आता घरात बिनदुधाचा चहा आणि कोरडा पाव. कपाळावर राख घेऊन आई, मर्टी आणि ती एका टेबलाशी बसलेत. ती आईला विचारते, "मीठ कुठे ठेवता?" माझं डोकं ठणकतंय. आईने न विचारता ब्रीडचं फडकं आणून बांधलं. उतरलेलं नाही.

मला सगळ्यांत संताप कशाचा येतो सांगू? लिलिसवर रागवावं तर तो नुसता बाटलीचा धनी. साइवच्या बापावर रागवावं तर त्याला विचारलंच कोणी नाही. तिच्यावर रागवावं तर तिने मला कधी काही म्हटलंच नव्हतं. उरला मर्टी, तर तो मला बुटात लोकर भरायला सांगतो! राग मात्र तेवढाच आहे, तसूभर कमी नाही, आणि आता चुलीत टाकायलाही हातात काही नाही.

काम बघ. यावेळी मोज्यांबद्दल लिहू नकोस.

तुझा भाऊ (एकुलता एक की कितवा, ते अजून ठरत नाही)
फिंटन


लिसनागून
५ मार्च, खडूचा रविवार

प्रिय डीलिया,

बुधवारचं पत्र अजून एनिसच्या पोस्टातच पडलं असेल आणि हे दुसरं. पण आजचं आज लिहिलं नाही तर मी ते आणखी कोणाच्या तरी डोक्यात घालीन.

चर्चला मी जाणारच नव्हतो. आई म्हणाली, "मिस्साला न जाणारा माणूस माझ्या घरात बटाटा खाणार नाही." म्हटलं, नाही खाणार. ती म्हणाली, "आणि मग लोक विचारतील फिंटन कुठे आहे, आणि मी म्हणेन, माझा धाकटा खडूच्या तुकड्याला भिऊन पलंगाखाली बसलाय." तेव्हा मी कॉलेजचा काळा कोट चढवला. तुला आपली आई माहीत आहे.

फाटकाशी थेडी हेहिर आणि त्याची टोळी भिंतीला टेकून उभी. थेडी स्वतः गेल्या वर्षीच बोहल्यावर चढलाय, म्हणून यंदा खडू त्याच्या हातात. मी मान ताठ ठेवून सरळ चाललो. पाठीवरून खडू असा गेला की कोटातून हाडाला कळला. खांद्यापासून थेट खाली.

"प्रोफेसर, एवढा धडा तरी पूर्ण करा!"

सगळं फाटक हसलं. बायका हसल्या, कॉन्सिडाइन म्हातारा हसला, लिलिस तर काठीवर वाकून हसला. "एकवीसचाच आहे, सोडा रे!" कोणीतरी म्हणालं. "आत्तापासून सवय करू दे, घराण्यात आहे!" दुसऱ्याने म्हटलं.

घराण्यात आहे. तिथे माझं टाळकं फिरलं. मी वळलो आणि मूठ मारली, थेडीच्या जबड्यावर. निदान मारली ती त्याच बेताने. पण मध्ये कोण आलं? तो कसा आला, कुठून आला, मला माहीत नाही. मर्टी नेहमी कुठूनतरी आलेला असतो. मूठ त्याच्या ओठावर बसली.

रक्त आलं, डीलिया. लग्नाच्या नव्या शर्टावर. मर्टीने मनगटाने तोंड पुसलं, मनगटाकडे बघितलं, आणि मला विचारलं, "झालं?"

त्यात राग नव्हता. पेरणी झाली का, असं विचारावं तसं विचारलं त्याने. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मला आणखी मारावंसं वाटत होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. आता त्यांना कळणार होतं. हा पोरगा रेघेवरून चिडलेला नाही, हे कोणाच्याही लक्षात आलं असतं. लिलिसचे बारीक डोळे माझ्यावरून साइवकडे जायला निघालेच होते.

आणि तेवढ्यात साइव पुढे झाली. तिने थेडीच्या हातातून खडू हिसकावला, नवऱ्याला खांद्याला धरून फिरवलं, आणि त्याच्या पाठीवर ही लांब, ही जाड रेघ ओढली. माझ्यापेक्षा लांब.

थेडी ओरडला, "अगं बाई, नवरा तुझा! सुटला की तो आता!"

"दहा वर्षांची सवय आहे त्याला," साइव म्हणाली. "एकदम तोडली तर आजारी पडेल. दर वर्षी थोडी थोडी कमी करीन."

फाटक फुटलं हसून. आई हसली. फादर दारात येऊन खोकले, पण तेही हसत होते. मर्टीचे कान लाल झाले आणि फाटक्या ओठाने तोही हसला. माझ्याकडे बघायला कोणी उरलं नाही. लिलिससुद्धा नाही.

तिने खडू थेडीच्या खिशात टाकला आणि माझ्या जवळून जाताना, समोर बघतच, म्हणाली, "चल आत. डावा पाय आधी टाकलास तरी चालेल."

मला तिची दया नको होती! हे तुला स्पष्ट लिहितो. पूर्ण मिस्सा मी चरफडत होतो. मला त्या फाटकात एकट्याने मार खायचा होता, एकट्याने हसं करून घ्यायचं होतं, आणि मग सगळ्यांना शिव्या घालत गाडीत बसायचं होतं. या दोघांनी तेही करू दिलं नाही. एकाने तोंड मध्ये घातलं, दुसरीने नवरा. अशा माणसांचं करायचं काय? यांच्यावर रागावून पुरतं रागावता येत नाही, आणि यांना सोडून जावं तर जाणाऱ्याच्याच बुटात लोकर भरतात.

आम्ही तिघे एका बाकावर बसलो होतो. आमच्या मागच्या रांगेला दोन पाठी दिसत असतील, दोन रेघा. मर्टीने दहा वर्षं या बाकावर हीच पाठ घेऊन मिस्सा ऐकली. मी दर वेळी शेजारी होतो. मला समोरच्या मेणबत्त्या तेवढ्या दिसायच्या.

घरी आल्यावर त्याने कोट खुंटीला अडकवला. मी माझा शेजारच्या खुंटीला. आईने ब्रश काढला. तो म्हणाला, "राहू दे, सोमवारी." तो दर वर्षी सोमवारीच झटकायचा, आठवतं तुला? आपल्याला वाटायचं, आळशी आहे. मीही म्हटलं, राहू दे.

मग मी गोठ्यात गेलो, जायला दुसरी जागा नाही म्हणून. तो काळा पडलेला अर्धा क्रॉस अजून चौकटीवर खोचलेला आहे. खालून तुझ्या नावाची कालवड मान काढून माझी बाही चाटत होती. मागून मर्टी आला. बादली ठेवली, उचलली, परत ठेवली. इतकं झाल्यावर त्याचा शब्द निघाला.

"उद्या वरचं शेत नांगरायचं."

"हं."

"घोडा धरतोस की नांगर?"

"नांगर," मी म्हणालो. का म्हणालो कोण जाणे.

"ओली आहे जमीन. बूट..."

"भरलीय लोकर," मी ओरडलो. "भरलीय! कितीदा सांगशील?"

त्याने मान हलवली आणि दूध काढायला बसला. ओठ सुजलाय. साइव दारातून म्हणाली, "दोघंही गोठ्यातच जेवणार आहात का?"

काम बघणं थांबवू नकोस. मी येणार आहे, हे पक्कं आहे. पण ओट पेरून होईपर्यंत मला इथे थांबावं लागेल, कारण हा माणूस एकट्याने घोडाही धरेल आणि नांगरही, आणि कोणाला बोलायचा नाही.

आणि ते मोजे. तुला चुकीचं आठवतंय. मर्टीला दहा नंबर लागतो. नऊ माझा. विणायलाच बसली आहेस तर दोन्ही वीण.

तुझ्या दोन भावांतला धाकटा,
फिंटन